सात घरांचे अंगण: बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचे प्रकरण

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्हा चौघांना नवी मुंबईतल्या बेलापूरच्या सेक्टर ८ मधले एक अंगण मोजून आणायला सांगितले होते. भर दुपारी अंगणात टेप पसरली, तशी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी हटकले, “सिडकोची माणसं का रे तुम्ही?” नाही म्हटल्यावर आवाज मऊ झाला. “मग मोजा हवं तेवढं. रांगोळी तेवढी पुसू नका.” रांगोळीला वळसा घालून आम्ही माप घेतले. आठ मीटर बाय आठ मीटर, चार बोटे इकडे-तिकडे. भोवती सात घरे.

त्या मापात काय आहे ते तेव्हा कळले नव्हते. गेली पंचवीस वर्षे मी याच शहरात घरांची कामे करतो आहे आणि नव्या प्लॅनवर बसलो की ते अंगण डोळ्यांपुढे येते. सिडको या सरकारी महामंडळाने, चार्ल्स कोरिया या देशातल्या एका मोठ्या वास्तुरचनाकाराकडून, विचारपूर्वक आखून घेतलेले हे आधुनिक गाव. ते कसे घडले, पुढे त्यातले काय टिकले, काय गेले आणि गेले ते कशामुळे, हे इथे मांडतो.

खाडीपलीकडे

मुंबई दक्षिणेकडे निमुळती होत जाते. कचेऱ्या त्या निमुळत्या टोकाला आणि माणसे राहायला उत्तरेला, दूर दूर. रोज सकाळी सगळे शहर एका दिशेला ओढले जाणार आणि संध्याकाळी उलटे. यावर १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी लेखी प्रस्ताव मांडला: मुंबई उत्तरेला ताणत बसू नका, खाडी ओलांडून पूर्वेला नवे शहर वसवा. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. कोरिया सुरुवातीची काही वर्षे सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि शहराला दार मिळाले.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हे इथेच सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती, मिठागरे, खाजणातली मासेमारी, असे सगळे तिच्यावर चालू होते. संपादनात शेती गेली, गावठाणे जागच्या जागी राहिली. म्हणजे घर शाबूत, पण घराच्या आधाराची जमीन गेलेली, आणि चारी बाजूंनी सिडकोचे सेक्टर. दिवाळे, शहाबाज, आग्रोळी ही बेलापूरची गावे आजही अशीच सेक्टरांच्या मधोमध आहेत.

नवी मुंबईत सिडकोने बांधलेली बरीचशी घरे म्हणजे चार-पाच मजली इमारती. त्या काळात तेच स्वस्त आणि तेच झटपट. कोरियांचे मत वेगळे होते, आणि ते त्यांनी आयुष्यभर सांगितले. गरीब माणसाला इमारतीत एक खोली दिली, की ती खोली कायम तेवढीच राहते. मुलगा मोठा झाला, सून आली, तरी भिंत हलत नाही. उलट जमिनीचा छोटासा तुकडा आणि त्यावर एक खोली दिली, तर माणूस पैसे येतील तसे घर वाढवतो. आपल्याकडच्या हवेत आकाशाखालची जागा ही निम्मी खोलीच असते. स्वयंपाक, वाळवणे, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचे बसणे, उन्हाळ्यातले झोपणे, यातले कितीतरी उघड्यावर होते. पावसाळा सोडला तर अंगण बाकी सगळे महिने वापरात असते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

हे मत जमिनीवर उतरवून दाखवायची संधी त्यांना १९८३ मध्ये मिळाली. पारसिकच्या डोंगराच्या कुशीत, बेलापूरच्या केंद्रापासून साधारण दोन किलोमीटरवर सहा हेक्टर जागा आणि तिथे सुमारे ५५० कुटुंबे. १९८६ पर्यंत काम झाले. कलावंतांनी इथे राहावे असा हेतू होता, म्हणून नाव पडले आर्टिस्ट व्हिलेज. कलावंत फार काळ, फार संख्येने राहिले असे म्हणता येत नाही. नाव मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी आजही तेच आहे.

सात, एकवीस, त्रेसष्ट

आराखड्याचे सूत्र पाढ्यासारखे आहे. सात घरे एका अंगणाभोवती, अंगण आठ बाय आठ मीटर. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरे, त्यांच्यामध्ये साधारण बारा बाय बारा मीटरचे चौक. असे तीन चौक गुंफले की त्रेसष्ट घरे, त्यांचे मैदान वीस बाय वीस. पुढे हीच साखळी मधून वाहणाऱ्या ओढ्यापर्यंत जाते आणि तिथे शाळा, खेळ, सगळ्या वस्तीच्या सोयी.

मी एकदा याचा हिशेब मांडून पाहिला. त्रेसष्ट घरांमागे नऊ अंगणे, म्हणजे ५७६ चौरस मीटर. तीन चौक, ४३२ चौरस मीटर. एक मैदान, ४०० चौरस मीटर. एकूण १,४०८, म्हणजे दर घरामागे २२ चौरस मीटरहून थोडी जास्त सामाईक जागा. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. सगळ्यात लहान प्लॉट घेणाऱ्याला त्याच्या निम्मी जागा दाराबाहेर, सामाईक मिळाली. आता हीच १,४०८ चौरस मीटर एकगठ्ठा देऊन पाहा. साडेसदतीस मीटर लांबी-रुंदीचे एक मैदान होईल. चारी बाजूंना कुंपण, फाटकाला कुलूप, आणि आतल्या गवताची काळजी कुणालाच नाही. नवी मुंबईत असे प्लॉट प्रत्येक सेक्टरमध्ये दाखवता येतील. कोरियांनी तीच जमीन तेरा तुकड्यांत वाटली आणि त्यातले नऊ तुकडे इतके लहान ठेवले, की तिथे अनोळखी माणूस उभा राहिला तर कुणीतरी “कोण पाहिजे?” म्हणून विचारतेच. आम्हाला आजींनी विचारले ते त्यामुळेच.

प्लॉटच्या मापाकडेही थांबून बघण्यासारखे आहे. सगळ्यात गरिबाला ४५, सगळ्यात सधनाला ७५. दुप्पटसुद्धा नाही. घराच्या बांधकामात फरक भरपूर, कुणाची एक खोली आणि मोरी, कुणाचे दोन मजले, पण जमिनीत फरक त्या मानाने थोडा. आज एकाची ऐपत कमी असेल, उद्या वाढेल. जमीन मात्र नंतर वाढवून मिळत नाही, म्हणून ती आधीच शक्य तितकी समान वाटायची. एवढे साधे न्यायाचे तत्त्व मला आपल्या शहरात दुसऱ्या कुठल्याच लेआउटमध्ये इतके स्वच्छ दिसलेले नाही.

घरे विटांच्या भिंतींची, चुना मारलेली, वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौले. गावच्या गवंड्याला आणि सुताराला जमेल असेच सगळे काम, मोठा ठेकेदार लागू नये म्हणून. शेजारच्या दोन घरांची संडास-मोरी पाठीला पाठ लावून, म्हणजे नळ आणि गटाराचा खर्च वाचतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, प्रत्येक घर सुटे. शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली असती तर वर मजला चढवताना परवानगी त्याची, तडे गेले तर भांडण त्याच्याशी. सुट्या घरामुळे प्रत्येकजण आपापल्या वेळेला वाढू शकतो. शेजाऱ्याच्या अंगावर येणारी भिंत बिनखिडकीची, म्हणजे दाटी असूनही आडपडदा राहतो.

दाटी खरोखरच आहे. कुटुंबात पाच माणसे धरली तर ५५० कुटुंबांची २,७५० माणसे सहा हेक्टरवर, हेक्टरी साडेचारशेहून जास्त. लिफ्ट नाही, टॉवर नाही, आणि तरी एवढी माणसे जमिनीवर. उंच बांधल्याशिवाय जागा पुरणारच नाही असे मला रोज कोणी ना कोणी बिल्डर सांगतो, तेव्हा मी हा आकडा पुढे करतो.

घरे बदलली, आणि त्यात गैर काही नाही

आज तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिल्या अर्ध्या तासात हिरमोड होतो. पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोत दिसणारी कौलारू घरे शोधावी लागतात. बहुतेक ठिकाणी आरसीसीचे दोन-तीन मजले, टाइल्स लावलेले दर्शनी भाग, स्टीलचे कठडे, ग्रिल. काही मूळ घरे शिल्लक आहेत, काहींची कौले जाऊन पत्रा आला आहे. “कोरियांचं काम लोकांनी नासवलं” हे वाक्य मी अनेक प्राध्यापकांच्या तोंडून ऐकले आहे. मला ते पटत नाही.

घर वाढावे हाच तर मूळ करार होता. ज्याने एका खोलीच्या चार खोल्या केल्या, त्याने आराखडा पाळला. कौलांबद्दल म्हणाल तर आपल्या पावसात कौलारू छप्पर दर वर्षी शाकारावे लागते, माकडे उड्या मारतात, वासे कुजतात, आणि शाकारणारा माणूस आता शोधून सापडत नाही. स्लॅब टाकला की चार वर्षे तरी निवांत, आणि वर मजल्याची सोय होते. आई-वडील खाली, मुलगा-सून वर, ही आपल्या घराघरातली गरज स्लॅबशिवाय भागत नाही. एका घरातल्या काकूंनी मला भिंतीतला जोड बोटाने दाखवला होता. “ही सिडकोची खोली. हे स्वयंपाकघर आमच्या ह्यांनी बोनस आला तेव्हा काढलं. आणि वरचं धाकट्याच्या लग्नात.” घराचा सगळा इतिहास विटांच्या रंगावरून वाचता येत होता. वाढते घर म्हणजे काय, हे मला वर्गात कळले नव्हते, ते त्या भिंतीपाशी कळले.

जे घर मुळासकट पाडून, प्लॉटच्या चारी कडांपर्यंत भिंती नेऊन बांधले, तिथे मात्र प्रश्न सुरू होतो. सुटे घर सुटे राहावे, वारा आणि उजेड मधल्या फटीतून खेळावा, हे त्यात गेले. तळमजल्याच्या खोल्यांत दुपारी दिवा लागतो. वाढ किती, कुठल्या बाजूला, किती उंच, याचे मूळ आराखड्यातले शहाणपण पुढे नियमात आणि देखरेखीत टिकवायला हवे होते. १ जानेवारी १९९२ पासून महापालिका आली. जमीन सिडकोची, तीही साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, आणि नागरी सेवा महापालिकेच्या. अशा दोन घरच्या पाहुण्याला जेवायला कोण घालणार, तशी या वस्तीच्या देखरेखीची गत झाली.

वेळेचाही भाग होता. घरे १९८६ ला तयार, आणि रेल्वे वाशीला आली १९९२ मध्ये, बेलापूरला १९९३ मध्ये. मधली सहा-सात वर्षे मुंबईत नोकरी करणाऱ्याने बसवर काढायची. ज्यांच्यासाठी छोटे प्लॉट ठेवले होते, त्या कमी पगाराच्या माणसाला ते परवडणारे नव्हते. आणि गाडी आली तशा किमती चढल्या. लहान घर विकून बाहेर पडणे फायद्याचे झाले आणि विकत घेणाऱ्याला हवी होती जमीन.

अंगणात पहिली गाडी

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० विकायला सुरुवात झाली. हे गाव आखले जात होते तेच हे वर्ष. तेव्हा या वस्तीत राहायला येणाऱ्या कुटुंबाकडे स्कूटर असली तर पुष्कळ. चारचाकीसाठी आराखड्यात खास जागा ठेवायचे कारणच नव्हते.

एक गाडी उभी राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. ६४ चौरस मीटरच्या अंगणात पाच गाड्या उभ्या केल्या की अंगण संपले. घरे सात. म्हणजे सगळ्या घरांनी एकेक गाडी घ्यायच्या आधीच जागा भरली. रांगोळी भिंतीकडे सरकली, मुले चौकात गेली, चौकातही गाड्या आल्या तेव्हा घरात गेली. जिथे गाड्या नाहीत तिथे कुणाचा ओटा दीड फूट पुढे आला, कुणी कुंड्यांची रांग लावून आपली हद्द दाखवली, कुणी वर सज्जा काढला. प्रत्येकाचे पाऊल लहान. सात जणांची मिळून अंगणाची एक बाजू गेली.

या प्रकरणातली खरी उणीव मला इथे दिसते. घराचा मालक कागदावर होता, घर वाढवण्याची मुभा होती, नकाशा होता. अंगण मात्र सगळ्यांचे, म्हणून कागदावर त्या सात घरांपैकी कुणाचेच नव्हते. सात घरांनी मिळून निर्णय घ्यायचा तर कुठल्या नावाने घ्यायचा? गाडी बाहेर लाव असे शेजाऱ्याला सांगायचे तर कुठल्या अधिकाराने?

जुन्या गावात हे काम भावकी करते. आमच्या शेजारच्या आग्रोळीत किंवा दिवाळे कोळीवाड्यात घरासमोरच्या जागेवर कुणी भिंत घालायला निघाला, तर कागद बघायच्या आधी चार वडीलधारी माणसे येऊन उभी राहतात. जाळी कुठे सुकत घालायची, होळी कुठे लावायची, पालखी कुठून फिरायची, हे ठरलेले असते आणि ते मोडणे सोपे नसते. या रीतीत जाच आहे, बायकांना आणि नव्याने आलेल्यांना त्यात आवाज कमी असतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण मोकळी जागा सांभाळण्याचे काम ती करते. नव्या गावाला जुन्या गावाचा आकार मिळाला. त्या आकाराला धरून ठेवणारी माणसांची बांधणी मात्र सोडतीत घर लागलेल्या सात अनोळखी कुटुंबांकडून आपोआप उभी राहील, असे गृहीत धरले गेले. पहिल्या पिढीत बऱ्याच अंगणांत ती राहिलीही. घरे विकली गेली तशी ती विरत गेली.

एकच वाढ, दोन नावे

आता शेजारच्या गावठाणांकडे पुन्हा यायचे आहे.

आर्टिस्ट व्हिलेजच्या भिंती चढत होत्या, त्याच काळात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, उरण तालुक्यात जासई-दास्तान आणि पागोटे परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना या लढ्यातून आली. तिचे भूखंड हातात पडायला पुढे कित्येकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले.

त्या थांबण्याच्या काळातही मुले मोठी होत होती, लग्ने होत होती. गावठाणाची हद्द मात्र त्या मानाने वाढली नाही. मग माणसांनी काय केले? घराला खोली जोडली, मजला चढवला, हद्दीबाहेर स्वतःच्याच जुन्या शेताच्या तुकड्यावर घर बांधले. पैसे आले तसे, गरज पडली तसे, गावच्या गवंड्याच्या हातून. आर्टिस्ट व्हिलेजच्या आराखड्यात ज्या तत्त्वाला मान मिळाला, अगदी तेच. फरक एवढाच की तिथे त्याला वाढते घर म्हणतात, आणि इथे नोटिशीवर ‘अनधिकृत बांधकाम’ लिहून येते. गावकऱ्यांनी त्यासाठी आपला शब्द घडवला, गरजेपोटी बांधलेली घरे. मोर्चात, निवेदनात, सरकारी निर्णयात हा शब्द इतकी वर्षे फिरतो आहे.

मला या प्रकरणाचा अभ्यास यासाठीच मोलाचा वाटतो. कोरियांनी सिद्ध केले ते असे, की घर हळूहळू वाढू देणे ही शिस्तबद्ध योजना असू शकते. त्यासाठी आधी प्लॉट, वाट, गटार आणि मोकळी जागा आखून द्यायची. हीच आखणी १९७० च्या दशकात ९५ गावांच्या गावठाणाभोवती केली असती, प्रत्येक गावाला पुढच्या दोन पिढ्यांची वाढ मोजून जमीन सोडली असती, तर आज गावांमधल्या गल्ल्या इतक्या अरुंद झाल्या नसत्या की अग्निशमनाची गाडी आत शिरू नये. ज्ञान बेलापूरमध्येच होते, दोन किलोमीटरच्या आत. ५५० घरांपुरते वापरले गेले.

काम अजूनही करता येण्यासारखे आहे. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये प्रत्येक आठ बाय आठचे अंगण भोवतालच्या सात घरांच्या नावे सामाईक नोंदवावे. गाड्यांसाठी कडेच्या रस्त्यांवर जागा आखून द्यावी. घराचे पुनर्बांधकाम मंजूर करताना सुटेपणाची फट राखायची अट नकाशावर यावी. गावठाणांत गल्लीवार मोजणी करून, आहे ती घरे कायम करताना प्रत्येक आळीला तिचा चौक नोंदवून द्यावा. मोजणीला आम्ही आर्किटेक्ट मंडळी आणि आमचे विद्यार्थी लागतील तेवढे येऊ.

आजी आता नाहीत. त्यांचे घर मुलाने वाढवले आहे, खाली दोन खोल्या, वर दोन, कौलांच्या जागी स्लॅब. ओटा ठेवला आहे. अंगणात एरवी चार गाड्या असतात. होळीच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्या ओढ्याकडच्या रस्त्यावर जातात आणि धुळवडीच्या दुपारनंतर परत येतात. हे कुणी, कधी ठरवले ते कुणाला सांगता आले नाही. यंदा मी त्याच रात्री टेप घेऊन गेलो. एका बाजूने आठ मीटर पुरे भरले. दुसऱ्या बाजूने सहा मीटर ऐंशी. एक मुलगा टेपचे टोक धरून उभा होता. त्याने विचारले, “काका, आमचं अंगण किती आलं?”